औषधाच्या फळीवरची ब्रँडी

मी ब्रँडीची बाटली बोलतेय. गास गावात रोझलीनच्या कपाटात, बाम आणि थर्मामीटरशेजारी माझी जागा. व्हिस्कीला तिथे कधीच थारा नव्हता. ती घरात यायची ती लॉरेन्सच्या, म्हणजे रोझलीनच्या नवऱ्याच्या, शर्टाखाली लपून.

मी द्राक्षांची, ती धान्याची. निदान सांगतात तरी तसं. माझा वास गोडसर, तिचा उग्र. पण नशीब बघा! ती दिसली की घरात भांडण, आणि मी मात्र गुणाची. सर्दीला मी, बाळंतिणीला मी, नाताळच्या केकमध्ये मी. खोटं कशाला बोलू, मला त्या मानाचा भारी तोरा होता. आम्हा दोघींच्या लेबलांवर दारूचं प्रमाण मात्र एकच छापलेलं असतं, शंभरात बेचाळीस पूर्णांक आठ. इतकी बारीक अक्षरं वाचतो कोण?

चार महिन्यांपूर्वी लॉरेन्सचे पाय सुजले, तेव्हा त्यानं चर्चमध्ये फादरांसमोर शपथ घेतली, दारू बंद. रोझलीन आनंदानं रडली. व्हिस्कीच्या रिकाम्या बाटल्या तिनं भंगारवाल्याला दिल्या. माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी लॉरेन्सचे हात थरथरायला लागले, अंगाला दरदरून घाम फुटला. "डॅडींना थंडी भरलीय गं," रोझलीन मुलीला, रिचेलला, म्हणाली आणि कोमट पाण्यातून माझे दोन चमचे दिले. थरथर थांबली. तिला वाटलं, गुण आला.

मग दोनाचे चार झाले, चमच्याचा पेला झाला. तो म्हणायचा, "दारू नको रोझी, शपथ हाय माझी. औषध दे थोडं." लबाड नव्हता हो तो, त्यालाही ते खरंच वाटत होतं. मी संपले की ती स्वतः दुकानात जायची आणि नवी ब्रँडी माझ्यातच ओतायची. जुनी बाटली लाभते म्हणे!

गेल्या आठवड्यात त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले, पोट फुगलं. रिचेलनं त्याला दवाखान्यात नेलं.

आज दुपारी रोझलीन त्याचे कपडे न्यायला घरी आली. शेजारची सालोमी विचारपूस करायला दारातच उभी होती.

"डॉक्टर म्हनतात, आता एक थेंब जरी पोटात गेला तर मानूस हाती लागनार नाय."

"मग तू काय म्हनालीस?"

"काय म्हननार? चार महिने झाले, घरात दारूचं नाव नाय. त्यांना पटतच नाय. दारू कधी सोडली तेवढंच विचारतात."

"ब्रँडीचं सांगितलंस?"

"ते कशाला? ते तर औषध."

सालोमीनंही मान डोलावली. मी काचेतून किती ओरडले असेन! पण आमचा आवाज माणसांना कुठला ऐकू जायला?

सालोमी गेल्यावर रोझलीननं कपाट उघडलं. "तिथं एसी किती असतो, गारठून जातील," असं पुटपुटत तिनं मला त्याच्या टॉवेलात गुंडाळलं आणि पिशवीत ठेवलं.

आता आम्ही रिक्षात आहोत. बाई गं, मला इथेच गटारात ओतून दे, मी हसत जाईन. नाहीतर रिचेल, बाळा, ही पिशवी आईच्या आधी तू उघड. दवाखान्याचं फाटक दिसायला लागलंय, आणि रोझलीननं मला दोन्ही हातांनी पोटाशी धरलंय, खड्ड्यात सांडू नये म्हणून.