मामी लांब राहते

रग्बीच्या संघात एखादा नळदुरुस्तीवाला असावा. पाहुण्यांना मुद्दाम गार पाण्याची खोली मिळाली, तर तो सामन्याआधीच पाना घेऊन बेसिनखाली शिरतो. आमचे नळवाले तेच करत होते. बुटांचे खिळे दाराकडे, डोकं पाइपांच्या जंजाळात.

"गरम पाण्याचा कॉक मागून आवळून ठेवलाय," ते आतूनच म्हणाले. "एवढा घट्ट आवळणारा हात आमच्या व्याह्यांचाच."

खोलीत हशा पिकला. व्याही म्हणजे समोरच्या क्लबचे प्रशिक्षक. जावई त्याच संघातला सगळ्यात उंच गडी. मैदान असं उतरतं की एका डावात चढ चढायचा आणि दुसऱ्यात घसरायचं, आणि प्रेक्षक दोरीला इतके चिकटून उभे राहतात की त्यांनी दुपारी काय खाल्लं तेही कळतं. इथून जिंकून परतल्याची आठवण संघातल्या कोणालाच नव्हती. मागच्या मोसमात तर इतका मार खाल्ला होता की परतीच्या बसमध्ये ड्रायव्हरनंच सगळ्यांचं सांत्वन केलं.

पण नळवाल्यांचा जीव अडकला होता तो दुसऱ्याच गोष्टीत.

चेंडू रेषेबाहेर गेला की दोन्ही संघ समोरासमोर रांगा लावतात आणि एकजण बाहेरून चेंडू मधोमध फेकतो. दोन्हीकडचे उंच गडी, खालून साथीदारांनी उचललेले, हवेतच तो पकडायला झेपावतात. याला लाइनआउट म्हणतात. फेकायचं काम नळवाल्यांचं, झेप घ्यायचं काम उंटाचं. उंट म्हणजे संघातला पोस्टमन, मानेमुळे पडलेलं नाव. चेंडू कुठे येणार हे आपल्या गड्यांना कळावं आणि परक्यांना कळू नये, म्हणून आधी खुणेचे शब्द ओरडायचे असतात. नळवाल्यांच्या संघाचे शब्द होते मावशी, आत्या आणि मामी.

हे शब्द त्यांच्या लेकीनं लहानपणी ठरवले होते. अंगणात बाबांबरोबर सराव करताना तिनं सरळ हिशेब मांडला: मावशी पलीकडच्या गल्लीत राहते, म्हणून जवळचा थ्रो मावशी. आत्या गावाच्या टोकाला, म्हणून मधला थ्रो आत्या. मामी पार दुसऱ्या शहरात, म्हणून शेवटच्या गड्यापर्यंतचा थ्रो मामी. दरवेळी तिन्ही नाती ओरडायची, त्यातलं दुसरं खरं. इतकी वर्षं हे गुपित कोणाला उलगडलं नाही. मग मागच्या वर्षी लेकीचं लग्न झालं, नेमकं या क्लबच्या घरात.

"नळवाले, शब्द बदलू या," कप्तान म्हणाला होता. तो शाळेत भूगोल शिकवायचा, म्हणून सगळे त्याला सर म्हणत. "लग्नात तुमच्या लेकीच्या मामी माझ्याच टेबलावर होत्या. तासभर प्रवास किती लांबचा झाला तेच सांगत होत्या. जावई शेजारीच बसला होता."

"दुसरा शब्द खरा, हे मामींनाही माहीत नाही."

"लेकीला माहीत आहे."

"माझी लेक घरभेदी नाही," नळवाले म्हणाले, आणि तोल जाऊन पुढचंही बोलून बसले. "आमचे शब्द तिच्या तोंडून गेले असतील, तर हा माझा शेवटचा सामना समजा. बूट तिथेच काढून ठेवीन."

सरांनी विषय तिथेच सोडला. नळवाल्यांची पाठ दर सोमवारी कुरकुरायची, गुडघा जिन्यावर बोलायचा, पण बूट काढायची त्यांची मुळीच इच्छा नव्हती. आठवडाभर लोकांच्या मोऱ्या उपसायच्या आणि शनिवारी रेषेवर उभं राहून चेंडू हातात घ्यायचा, एवढीच त्यांची चैन. शब्द तोंडातून सुटला तसा त्यांना त्याचा पश्चात्ताप झाला होता.

पहिला लाइनआउट लागला. "आत्या, मामी, मावशी," नळवाले ओरडले आणि त्यांनी लांब थ्रो टाकला. उंट झेपावला, पण जावई त्याच्या आधीच वर होता. चेंडू त्यानं झाडावरचं फळ तोडावं तसा काढून नेला.

योगायोग, असं नळवाल्यांनी स्वतःला समजावलं. दुसऱ्या वेळी मधला थ्रो टाकला, तोही गेला. जवळचा टाकला, तर तिथे जावई आधीपासूनच वाट बघत होता.

तेव्हा त्यांची नजर दोरीकडे गेली. लेक तिथे उभी होती, सासरच्या क्लबचा मफलर गळ्यात. बघू नये असं मनात असूनही त्यांनी बघितलं. क्षणभरच, पण तिनं ते टिपलं आणि तिचं हसू मावळलं.

मध्यंतर झालं. सरांनी नुसती पाण्याची बाटली पुढे केली. "जाऊ द्या," ते म्हणाले. "तरी अजून फार मागे नाही आपण. आता उताराच्या बाजूनं खेळायचंय." नळवाले बुटांच्या नाड्यांकडे बघत होते. सामना हरणं त्यांना सवयीनं सोसलं असतं. पण लेकीनं आपल्याला परकं केलं, हा विचार घशाखाली उतरत नव्हता, आणि आपण असा विचार करतोय हे तर त्याहून वाईट वाटत होतं.

दुसऱ्या डावातला पहिला लाइनआउट अगदी लेक उभी होती तिथेच लागला. नळवाल्यांनी चेंडू डोक्यामागे नेला. तेवढ्यात बाजूनं ओळखीची हाक आली.

"बाबा, जीभ आत!"

दोरीवरचे लोक हसले. नळवाल्यांचा हात मात्र हवेतच थांबला. अंगणात ही हाक त्यांनी शेकडो वेळा ऐकली होती. चेंडू लांब टाकायचा असला की त्यांची जीभ आपोआप बाहेर यायची, आणि चिमुरडी ओरडायची, "जीभ आत, चावली जाईल!" मधल्या थ्रोला नुसतं टोक कोपऱ्यात डोकवायचं. जवळच्या थ्रोला तोंड बंद. लेक मोठी झाली, अंगणातला सराव थांबला, कोणी सांगणारं उरलं नाही आणि जीभ मोकाट सुटली.

म्हणजे जावई शब्द ऐकतच नव्हता. तो सासऱ्याचं तोंड वाचत होता.

नळवाल्यांनी ओठ घट्ट मिटले आणि मामी फेकली. जावई गोंधळून मध्येच उभा राहिला आणि उंटानं चेंडू निवांत पकडला. त्यानंतरचा लाइनआउटही त्यांचाच, त्याच्या पुढचाही. उतार पायाखाली होता, आमच्यातला बेकरीवाला एकदा चिखलातून लोळत, चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवून ट्राय करून आला, आणि सामना संपायला आला तेव्हा घरचा संघ चारच गुणांनी पुढे होता. एका ट्रायचे पाच गुण. आणि यजमानांच्या गोलरेषेपासून हाकेच्या अंतरावर लाइनआउट मिळाला.

"काय टाकताय?" सरांनी विचारलं.

"ऐका म्हणजे कळेल," नळवाले म्हणाले.

"मामी, मावशी, आत्या!" त्यांनी आवाज दिला, चेंडू मागे नेला आणि सगळ्या मैदानाला दिसेल अशी जीभ लांबलचक बाहेर काढली. जावयाच्या डोळ्यांत चमक आली. तो आपल्या माणसांना घेऊन रांगेच्या पार शेवटाकडे धावला. चेंडू मात्र मावशीकडे गेला. उंट तो घेऊन खाली उतरला, सगळा संघ त्याच्याभोवती गोळा झाला आणि अडलेला ट्रक ढकलावा तसे ढकलत ढकलत रेषेपलीकडे जाऊन कोसळले. सगळ्यात खाली उंट होता आणि त्याच्या खाली चेंडू.

एका गुणानं जिंकले. परतताना खोलीत गरम पाणी भरपूर होतं.

चहाच्या वेळी व्याही थाळीत पाव वाढत म्हणाले, "सूनबाई, आमचं अन्न खाऊन माहेरची बाजू घेतलीत."

"मी बाजू नाही घेतली," ती म्हणाली. "हे सगळे वर्षभर जेवताना विचारतात, मामी म्हणजे कुठे? मी म्हणते, मामी तिच्या घरी."

"मग जावईबापू, जिभेचं तुम्हाला कसं कळलं?" नळवाल्यांनी विचारलं.

जावई कानापर्यंत लाल झाला. "गेल्या महिन्यात आमच्या मोरीचा पाइप बसवायला आला होतात ना, बाबा. मी टॉर्च धरली होती. हात लांबवर घालायचा झाला की तुमची जीभ बाहेर, जवळचा नट असला की आत. तुम्ही विचारलंतही, हसताय काय म्हणून."

"आणि मजुरीही घेतली नव्हती मी," नळवाले म्हणाले. त्यावर व्याहीसुद्धा पोट धरून हसले.

निघताना लेक बसपर्यंत आली. दोघं थोडे मागे राहिले.

"तुम्ही माझ्याकडे बघितलंत," ती म्हणाली.

"बघितलं." खोटं बोलून भागणार नव्हतं. "चुकलंच माझं. क्षणभर वाटलं, गेली लेक लांब."

"म्हणून तर ओरडले. नाहीतर सासरचा मफलर घालून कोण ओरडतं?" तिनं त्यांच्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. "गुडघ्याला शेक द्या. आणि पुढच्या शनिवारी बूट घालायचेत, कळलं?"

बस सुटली तशी सरांनी मागे वळून सगळ्यांना गप्प केलं. मामी कुठे राहते हे लग्नापासून अख्ख्या तालुक्याला माहीत होतं, आणि आज मामी ओरडून लांब फेकलेलंही सगळ्यांनी बघितलं होतं, तेव्हा नवे शब्द ठरवणं भागच होतं.

"लांबच्या थ्रोला लेक म्हणू या," उंट म्हणाला. "नळवाल्यांची तीच सगळ्यात लांब गेली."

"ते नको," नळवाले खिडकीतून म्हणाले. ती अजून तिथेच उभी होती, आणि स्वतःची जीभ बाहेर काढून त्यांना वेडावत होती. "लेक जवळच्याला ठेवा."