राखाडी रेघांचा शर्ट

त्या दालनात श्रोत्यांसाठी खुर्च्या मांडत नसत. संचालिकाबाईंची पद्धत अशी की, चित्रकाराने एकेका चित्राशी थांबून त्यामागची प्रेरणा सांगायची आणि लोकांनी त्याच्याबरोबर भिंतीच्या कडेने सरकायचे. चित्रकर्तीने आपली वाक्ये घोळवून घोळवून गुळगुळीत केली होती.

सगळ्या चित्रांत एकच माणूस होता. कपाटाच्या आरशासमोर उभा, राखाडी रेघांच्या शर्टाचे बटण लावू पाहणारा. चेहरा कुठेच पुरता नव्हता. होती ती बोटे, आणि बोटांना हुलकावणी देणारे काज. ते तिचे वडील होते. जन्मभर इमारतींचे नकाशे काढलेला त्यांचा हात आता थरथरत असे, आणि हे ते कुणाजवळ कबूल करत नसत. हल्ली काजंच लहान करतात, मेले कंजूष, एवढेच म्हणत. रोज सकाळी बोळातून जाताना ती अर्धवट उघड्या दारातून त्यांना पाही आणि पाहिलेले विरायच्या आत मागच्या खोलीत जाऊन रंगवी. त्यांना तिने कधी विचारले नव्हते. या वेळी फळे आणि भांडी काढली आहेत, असे घरात सांगून ती मोकळी झाली होती.

म्हणून दुसऱ्या चित्रापाशी, गर्दीच्या मागे, दादाबरोबर आलेले वडील दिसले तेव्हा तिचे घोळवलेले वाक्य मध्येच तुटले. त्यांनी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. बटणे दादाने लावून दिली असणार.

"हे कोण?" पुढच्या एका बाईंनी विचारले.

"कोणी नाही," ती म्हणाली. "कल्पनेतला माणूस."

मग कुणीतरी विचारले, सगळीकडे शर्ट एकच का. ती बोलत गेली. या माणसाची स्मृती झिजते आहे. कालचा शर्ट काल घातला होता हे त्याला उमगत नाही. त्याची प्रत्येक सकाळ ही त्याच सकाळची फिकट होत गेलेली प्रत आहे. विस्मरण हीच या चित्रांची प्रेरणा. यात तिची कल्पना थोडीच होती. मागच्या थंडीत वडील दिवसामागून दिवस तोच शर्ट घालत. दादा खेकसे, एकदा त्याने तो लपवूनही ठेवला. वडिलांनी तो धुण्यातून शोधून ओलाच अंगात चढवला. डॉक्टरांना दाखवायला हवे, असे भावंडांनी स्वयंपाकघरात कुजबुजून ठरवले होते.

लोक हळहळले. वडील मान किंचित कलती करून, तिऱ्हाइताची कहाणी ऐकावी तसे ऐकत होते.

मध्ये चहासाठी थांबल्यावर ते चौथ्या चित्रासमोर एकटे उभे राहिलेले तिला दिसले. ती जवळ गेली.

"भांडी छान आलीत," ते म्हणाले.

तिला मान वर करवेना.

"खांदाही जमलाय. माझा डावा पहिल्यापासून जरा पडकाच."

"तुम्हाला माहीत होतं?"

"ठकू, त्या दाराला कडी आहे. मी लावत नव्हतो." त्यांनी चित्रातल्या बोटांकडे पाहिले. "बटणं तर मी मुद्दाम सावकाश लावायचो. तुझं बघून होईपर्यंत."

"आणि शर्ट?"

"तुझं चित्र अर्ध्यावर, आणि मी शर्ट बदलायचा? आपले दादासाहेब ओरडायचे. म्हटलं, ओरडू दे."

थंडीभर या माणसाने ओला शर्ट अंगावर वाळवला होता, पोराच्या शिव्या खाल्ल्या होत्या, आणि आज इस्त्री करून, तिच्या तोंडून आपली ओळख ऐकायला तो इथवर आला होता. तिने त्याला भरल्या दालनात कोणी नाही ठरवले, वर विसराळूही.

"मी आत्ता सांगते सगळ्यांना."

"नको." त्यांचा आवाज पहिल्यांदाच कोरडा झाला. "मघाशी बाप म्हणाली असतीस, तर मी मिरवलं असतं. आता म्हणालीस, तर ही माणसं माझ्याकडे बघून चुकचुकतील. कोणी नाही, तर कोणी नाही."

एवढ्यात दादा आला आणि लहान मुलाशी बोलावे तसा मोठ्याने म्हणाला, "चला बाबा, जिना आहे हं. आपण कुठे आलोय, आठवतंय ना?"

"तुझ्या लग्नाला," वडील म्हणाले आणि त्यांनी आपला दंड निमूट त्याच्या हाती दिला.

दादाने त्यांच्या डोक्यावरून तिच्याकडे पाहिले: बघ, मी म्हणत नव्हतो? ही थट्टा आहे, एवढेच तिला सांगायचे होते. पण ती सांगायला लागली असती तर सुरुवात दाराच्या फटीपासून करावी लागली असती. तिने बाजूला होऊन त्यांना वाट दिली. जिन्यावर दादा पायऱ्यांबद्दल बजावत होता आणि वडील प्रत्येक वेळी हो म्हणत होते.

संचालिकाबाई हाक मारत होत्या. लोक पुढच्या चित्रापाशी जमले होते. उरलेल्या चित्रांविषयी ती फक्त राखाडी रंगाबद्दल बोलली, त्यात निळा किती मिसळला आणि पांढरा किती. आणि बोलताना ती चित्राकडे पाठ करून उभी होती.