नत्थुजींची बोटं

"अवो, टेबलाखालून निंगा आता! नत्थुदादा स्टँडवर उतरले असतीन, अन् तुमी अजून वायरीतच गुतून राहिले!"

रुख्मिणीबाईंचं बोलणं रामरावांच्या कानात शिरलंच नाही. कान स्पीकरकडे लागले होते. पालथं पडल्या पडल्या त्यांनी लॅपटॉपच्या चार्जरची पिन ओढली, आणि काल सकाळपासून डोकं उठवणारी ती 'गुंऽऽ' एकदम थांबली.

"गेली! रुख्मिणे, गेली!"

"कोन गेली?"

"गुनगुन! चार्जर लावला का येते, काढला का जाते. आता बॅटरीवरच चालवतो."

अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून रिटायर झाल्यापासून रामरावांनी कशाचा एवढा ध्यास घेतला नव्हता. गोष्ट तशी साधी. त्यांच्या गावच्या, हिवरखेडच्या भजन मंडळाची एक जुनी कॅसेट सापडली. अमरावतीला असलेल्या लेकीनं, आरतीनं, ती कॉम्प्युटरवर उतरवून पाठवली. रामराव असे हरखले, की लगोलग त्यांनी ती मोबाइलवरून नत्थुजींना ऐकवली. मंडळात मृदंग नत्थुजींचा. पंचक्रोशीत नाव होतं त्या बोटांचं! आता बोटं अशी कापतात, की चहाची बशी धरवत नाही. सगळं ऐकून म्हातारा एवढंच म्हणाला, "टाळ आयकू आले, रामराव. माहा मृदंग कुठी हाय? मी होतो ना त्या दिवशी?"

हे रामरावांच्या काळजाला लागलं. एवढ्याशा मोबाइलमधून मृदंग निघणार तरी कसा! मग मोठे स्पीकर आले. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून आवाज खरखरत निघाला, तर यूएसबीला जोडायची आवाजाची वेगळी डबी आली. डबी आली तर लॅपटॉप तिला ओळखेना. सेटिंगमध्ये शिरून तिची ओळख करून द्यावी लागली, नव्या सुनेची सासरी करून देतात तशी. एवढं झाल्यावर थाप आली, घुमायलाही लागली. पण बोटं? मृदंगाच्या काळ्या शाईवर बोटांनी तडतडणारे ते बोल काही केल्या येईनात. वायर बदलली, स्पीकर भिंतीपासून पुढे ओढले, मागे ढकलले. छे! सगळं मंडळ तोंडावर पांघरूण घेऊन गातंय, असंच वाटायचं. रामरावांनी दुकानदाराचा यथेच्छ उद्धार केला. पण पाहुणा तर आज यायचा होता, आता दुसरी डबी आणणार कुठून?

नत्थुजी आले. पाणी झालं, चहा झाला. चहा रुख्मिणीबाईंनी न बोलता पेल्यात अर्धाच दिला. मग त्यांना स्पीकरसमोर खुर्चीवर बसवून रामरावांनी देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

धुम्म, धुम्म. म्हातारा मान खाली घालून ऐकत होता. एक अभंग झाला, दुसरा सुरू झाला.

"धुम तं निंगते," नत्थुजी हळूच म्हणाले. "बोटं नाहीत. लोकं उगाच नाव घेत होते वाट्टे माहं."

रामरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुखानं बसलेल्या माणसाला आपण घरी बोलावलं काय आणि हे ऐकवलं काय! त्यांना तोंड वर करवेना. पण नत्थुजी जुन्या वळणाचे. यजमानाला ओशाळं वाटू नये म्हणून भजन चालू असतानाच त्यांनी विषय बदलला.

"रुख्मिणबाई, हे पोपट कोनं काढले?"

त्या घरात उघडी अशी वस्तूच नव्हती. फ्रिजला कव्हर, मिक्सरला कव्हर, रिमोट प्लास्टिकमध्ये. स्पीकर आले त्याच दुपारी बाईंनी त्यांनाही अंगरखे शिवले होते, दर्शनी बाजूला पोपटांची जोडी भरून. आणि घरातल्या कव्हरांकडे बघायची रामरावांची सवय लग्नानंतर लवकरच सुटली होती.

"मीच काढले, दादा! धूळ लय येते ना बाप्पा. अन् वरून काय पाह्यता, आतून पाहा. जुन्या गोधडीचं दुहेरी अस्तर देल्लं!" असं म्हणत बाईंनी एक कव्हर कौतुकानं ओढलं आणि पाहुण्याच्या मांडीवर टाकलं.

आणि त्या स्पीकरातून बोटं बाहेर आली.

अशी स्वच्छ, अशी तडतडीत, की रामराव उभ्या जागी उडालेच. "रुख्मिणे! गोधडी पांघरवली तू त्याले? अन् मी त्या दुकानदाराले शिव्या देऊन राहिलो!"

"मंग तुमाले दिसलं नाही? रोज त्याच्याच समोर तं बसता!"

"मले कव्हर दिसतेच कुठी! या घरात कोनची वस्तू बिना कव्हराची हाय?" रामरावांनी झडप घालून दुसरंही ओढलं. बाई तोंडाला पदर लावून हसत सुटल्या, रामरावही हसत सुटले. आनंदानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी पोपटांनाच पुसलं.

नत्थुजी मात्र हसत नव्हते. ते ऐकत होते. गाणारा दमून थांबला, टाळ थांबले, आणि मृदंग एकटाच धावत सुटला, वळला, खेळला, आणि नेमका समेवर येऊन उभा राहिला. कॅसेटमध्ये कोणीतरी "वा!" म्हणालं.

"कोन वाजवून राहिलं हे?" त्यांनी विचारलं.

"तुमी, दादा," रुख्मिणीबाई म्हणाल्या.

"व्हय," नत्थुजी म्हणाले. "मीच."

मग ते खुर्चीत ताठ बसले.

"रामराव, पुन्ना पयल्यापासून लाव. अन् शेजाऱ्याइले बलाव. सांगजो त्याइले, वाजवनारा इथंच बसला हाय."