उधारीची लाज

न्हाणीघरं बसवणाऱ्या कंपनीच्या शोरूमच्या दाराला साखळी होती आणि काचेवर आतून एक कागद चिकटवला होता. क्लिफर्ड हार्स्लेने तो वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. कंपनीचं दिवाळं निघालं होतं. ज्यांनी आगाऊ पैसे भरले होते त्यांनी अमुक पत्त्यावर कळवावं, पण हाती काही लागेल अशी आशा मात्र धरू नये, एवढाच मजकूर होता, आणि तो फार सभ्य भाषेत लिहिला होता.

बसने घरी परतल्यावर तो मागच्या खोलीच्या दारात उभा राहिला. जेवणाचं टेबल जिथे असायचं तिथे आता कंपनीच्या माणसांनी जमीन उकरून ठेवलेली होती. इथे बायकोसाठी, बेरिलसाठी, न्हाणीघर व्हायचं होतं. अर्धांगाच्या झटक्याने तिची उजवी बाजू गेली होती, आणि या ओळीतल्या सगळ्याच घरांसारखं त्यांचं न्हाणीघरही वर, अरुंद जिन्याच्या टोकाला होतं. इस्पितळातल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "खाली सोय झाली की घरी पाठवू. नाही झाली तर वृद्धाश्रमात." गावच्या कौन्सिलच्या मदतीची रांग लांब होती. म्हणून क्लिफर्डने ठेव मोडून कंपनीला सगळे पैसे आगाऊ भरले होते.

संध्याकाळी लीड्सहून मुलीचा, जनीनचा, फोन आला. तिला बातमी कळली होती.

"डॅड, जेवलात का? अजिबात घाबरू नका. तुम्ही क्रेडिट कार्डाने भरलेत ना, मग दुकान बुडालं तरी पैसे बँकेने परत द्यायचे असतात. कायदाच आहे तसा. म्हणून तर तुमच्या मागे लागून ते कार्ड काढायला लावलं मी."

"हं," क्लिफर्ड म्हणाला.

"रविवारी येते. आपण मिळून बँकेला फोन करू. आईला काही बोलू नका."

त्याने फोन ठेवला. त्याने कार्डाने भरलेच नव्हते.

कंपनीचा विक्रेता कीथ त्या दिवशी स्वयंपाकघरात बसला होता, समोर कार्डाचं मशीन ठेवून. क्लिफर्डचा हात पाकिटाकडे गेलाही होता. पण कार्ड म्हणजे उधारी. त्याच्या लहानपणी दर शुक्रवारी हप्तेवाला दार वाजवायचा, आणि आई क्लिफर्डला कोचामागे ओढून त्याच्या तोंडावर हात दाबून धरायची. तिच्या हाताला सोड्याचा वास यायचा. हप्तेवाला दारातल्या टपालाच्या फटीतून आत वाकून म्हणायचा, "मिसेस हार्स्ले, तुमचे बूट दिसतायत मला." पुढे बस चालवून क्लिफर्डने संसार केला, पण एक खुर्चीसुद्धा कधी हप्त्यावर आणली नाही.

"आम्ही उधारीवर काही घेत नाही," तो कीथला म्हणाला, आणि चेकबुक काढलं.

"तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत, मिस्टर हार्स्ले," कीथ म्हणाला होता. त्या वाक्यावर क्लिफर्ड दोन दिवस खूश होता. जनीनने विचारलं तेव्हा तो नुसतं "भरले" म्हणाला होता. "कार्डाने ना?" असं तिने विचारल्यावर, "भरले म्हटलं ना एकदा," असं वैतागून.

रविवारपर्यंत तिला फोन करून सांगता आलं असतं. त्याने दोनदा फोन उचललाही.

जनीन आली ती दुकानातले तळलेले मासे आणि बटाटे घेऊनच. खाणं ताटात काढेपर्यंत तिने बँकेला फोन लावून तो टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला. पलीकडच्या मुलीने त्याची जन्मतारीख विचारली, मग थोडा वेळ गेला.

"सर, या कार्डावर एकही व्यवहार झालेला दिसत नाही."

"नीट बघा हो," जनीन म्हणाली. "थोडी तरी रक्कम असेलच."

"कार्ड अजून सुरूही केलेलं नाही, मॅडम."

जनीनने बापाकडे पाहिलं. तो ताटातल्या माशाकडे बघत होता.

"डॅड?"

"चेक दिला."

"सगळ्याचा?"

"सगळ्याचा."

"अहो, थोडे जरी कार्डाने भरले असते तरी सगळ्या रकमेला बँक बांधील होती! घरी येऊन सांगितलं होतं, कागदावर लिहून दिलं होतं!"

क्लिफर्ड फोनकडे वाकला. "मुली, मला एक सांग. मी दुसऱ्याच्या पैशाने घेतलं असतं तर मला परत मिळाले असते. स्वतःचे दिले म्हणून काहीच नाही?"

"चेकला तो कायदा लागू नाही, सर. मला खरंच वाईट वाटतं." तिला वाईट वाटत होतंही, आवाजावरून कळत होतं.

"बरं. मग कर्ज द्या."

जनीनने मान वर केली. हा शब्द तिने बापाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"ते काम होईल एवढं. फेडीन मी."

पलीकडे कीबोर्ड वाजला. "सर, तुमच्या नावावर आजवर कर्जाची काही नोंदच नाही. तुम्ही फेडता की नाही हे आम्हाला कळायला मार्ग नाही. आणि उत्पन्न फक्त पेन्शनचं. कार्डाची जी छोटी मर्यादा आहे, तेवढंच."

"मी कोणाचं कधी बुडवलं नाही."

"नाही सर. पण कोणाचं घेतलंही नाहीत."

फोन बंद केल्यावर जनीन म्हणाली, "मी काढते कर्ज." पण ती भाड्याच्या घरात दोन मुलं एकटीने वाढवत होती, आणि हे दोघांनाही माहीत होतं. थोड्या वेळाने तिनेच तो विषय सोडला. "त्या कीथला हवे होते चेकवाले म्हातारे," ती म्हणाली आणि रडायला लागली. मासे तसेच गार झाले.

दुसऱ्या दिवशी क्लिफर्ड इस्पितळात गेला. बेरिल उशीला टेकून बसली होती. तिला आता एकेक शब्द शोधून आणावा लागायचा.

"फरशी... बसली?"

"नाही बेरिल. कंपनी बुडाली. पैसे गेले."

"कार्ड?"

"चेक दिला मी."

"गाढव," ती म्हणाली. हा शब्द मात्र एका दमात आला. तो हसायला गेला, पण ती हसत नव्हती.

"मग... कुठे?"

"क्लीथॉर्प्सच्या वृद्धाश्रमात जागा आहे म्हणतात. गुरुवारी न्यायचं. चांगलं आहे म्हणे. खिडकीतून समुद्र दिसतो."

बेरिलचे वडील मासेमारीच्या जहाजावर गेले होते, ते परत आलेच नव्हते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती कधी किनाऱ्यावर फिरायला आली नव्हती.

"दुसरी... खोली?"

"विचारलं मी. एकच रिकामी आहे."

"घरी... खाली... झोपेन. बादली... चालेल."

"तसं पाठवत नाहीत गं. आणि खाली जमीनच नाही राहिली. उकरून गेलेत."

तिने डावा हात वर केला. त्याला वाटलं हात धरायचा असेल, म्हणून त्याने आपला पुढे केला. पण तिने चादर तोंडापर्यंत ओढली. ती एका हाताने नीट ओढली गेली नाही. अर्धा चेहरा उघडा राहिला, झटक्याने मेलेला तो अर्धा भाग, आणि त्यावर काहीच उमटलं नव्हतं.