मास्तरांच्या अक्षरातली जानकी

जानकीला त्या मुलीच्या वहीचा संशय पहिल्या दिवसापासून होता. माणसाचा संशय यायला निदान चार दिवस तरी जावे लागतात. वहीला तेवढेही लागत नाहीत.

मुलीचं नाव शुभदा. त्रेसष्ट सालच्या मे महिन्यात ती मुंबईच्या बोटीने मालवणला मामाकडे उतरली आणि तिसऱ्याच दिवशी जानकीच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, येऊन उभी राहिली. डोळ्यांवर चष्मा, खांद्याला पिशवी, पिशवीत वही. जानकी सोलांसाठी रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडत बसली होती. हात कोपरापर्यंत लाल.

"काकू, मी मुंबईला शिकते. बी.ए.च्या पुढचं दोन वर्षांचं शिक्षण आहे. नवरा-बायकोत, घरच्या माणसांत काही अडलं, तर त्यांना समोरासमोर बसवून बोलतं करायचं."

"ह्येचा शिक्षाण आसता?" जानकी म्हणाली. "आणि नापास झाल्यार?"

"एका जोडप्याच्या पाच बैठका घेऊन सगळं लिहून द्यायचं असतं. नाही दिलं तर नापासच."

"मगे आमच्याच घरात कित्याक?"

मुलगी चष्मा पुसायला लागली. चष्मा स्वच्छच होता. जानकीच्या मनात कुसळ रुतलं ते तिथे.

गंगाराम, म्हणजे जानकीचा नवरा, मुंबईच्या गिरणीतून तीन वर्षांनी घरी आला होता, त्याला आठ दिवस झाले होते. एरवी परक्या बाईसमोर घशातून आवाज न काढणारा हा माणूस, बैठकांना मात्र एका शब्दात हो म्हणाला. शेजारच्या सीतेने दगडी गडग्यापलीकडून मान वर केली. "मुंबैसून चेडू वही घेवन येता, ता काय तुझी सोलां मोजूक? आता कायदो झालोसा, बाये. बायलेक कागदार सोडतत. आधी घोव इलो, मागसून वही इली. जुळव तूच."

जानकीने ते आधीच जुळवलं होतं, पत्रांवरून. लिहिता-वाचता दोघांनाही येत नव्हतं. तिची पत्रं गावातले काशिनाथ मास्तर लिहीत, आणि मुंबईहून आलेली वाचूनही तेच दाखवीत. गेल्या वर्षापासून त्या पत्रांत भलतंच येऊ लागलं होतं. 'प्रिये, तुझ्या आठवणीने घास घशाखाली उतरत नाही.' वीस वर्षांच्या संसारात या माणसाने कधी कालवण चांगलं झालंय म्हटलं नव्हतं. चांगलं झालं की ताट पुन्हा पुढे करायचं, एवढीच त्याची भाषा. त्याला 'प्रिये' शिकवलं कोणी? गिरणीतले माग काही असलं शिकवत नाहीत. कोणीतरी बाई असणार.

पहिल्या बैठकीला शुभदाने दोन पाट समोरासमोर मांडले. दोघं बसली, पण अशी, की पाट समोरासमोर आणि माणसं वाकडी. गंगाराम माडाच्या शेंड्याकडे बघत होता.

"तेंका विचार गो, च्या होयी काय," जानकी मुलीला म्हणाली.

"सांग, होयी," गंगाराम मुलीलाच म्हणाला.

"मला मधे घालू नका. एकमेकांशी थेट बोला. आमचे सर सांगतात, मधल्या माणसाकरवी बोलणं नको."

"तुमच्या सरांची बायल तेंका नावान हाक मारता काय?"

शुभदाने वही मिटली. दुसरी बैठक तशीच गेली, तिसरीही. चौथीला ती बिचारी घाईला आली आणि बोलून गेली, "काकू, गेल्या श्रावणापासून तुम्ही दोन महिने माहेरी राहिलात, तेव्हा..."

जानकीची सुरी रातांब्यात थांबली.

"ह्या तुका कोणी सांगल्यान?"

मुलीने जीभ चावली.

"वही वाच."

"नाही वाचता येत, काकू. एकाने सांगितलेलं दुसऱ्याला दाखवायचं नाही, असा नियम आहे."

"मगे उठ. माका सोडूचा आसा तर तेंणी तोंडान सांगूचा. वहीत लिवन नको."

गंगारामची नजर शेंड्यावरून खाली आली. "सोडूचा? कोणाक?"

"माका," जानकी त्याच्याकडे बघून म्हणाली. तीन वर्षांत त्याच्याशी थेट बोललेला हा पहिला शब्द.

त्याने वहीकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "वाच गो चेडवा. माझाच आसा ता."

शुभदाने वाचलं. मुंबईत कामगारांच्या कल्याण केंद्रात ती कामाचा सराव करत होती, तिथे गंगारामने सांगितलेलं: 'बायकोची पत्रं येतात. लिहिते, आपल्या चरणांची दासी, आपल्या विरहात चंद्रही पोळतो. ती कधी अशी बोलली नाही. पूर्वी तंबाखू कमी करा म्हणायची, आता तंबाखूचं विचारत नाही. श्रावणात माहेरी का राहिली, तेही धड कळवलं नाही. अक्षर मास्तरांचं. मन कोणाचं, समजत नाही.'

"माका चंद्र कित्याक पोळतलो?" जानकी म्हणाली. "मी सांगलंय, आवशीचो पाय मोडलो म्हणान रवलंय. नि तंबाखू कमी करा. दर पत्रात सांगलंय."

"तंबाखू खंयच नाय."

काशिनाथ मास्तरांच्या मते पत्रात तंबाखू शोभत नसणार. आईचा मोडलेला पायही नसणार.

"आणि तुमचो घास अडकता तो?"

"तो खानावळीतलो नवो कारकून लिवता," गंगाराम म्हणाला. "मी सांगलंय, खानावळीच्या आमटीक चव नाय."

जानकीला हसू आलं, पण तिने ते बाहेर येऊ दिलं नाही. वर्षभराचा संशय असा आमटीत कसा विरघळेल? तिने ओल्या हाताने वहीचं कोरं पान उघडलं. पानावर लाल बोटं उठली.

"आता ते सांगतले तसा लिव. अक्षर वाढवू नको."

गंगारामने पुष्कळ विचार केला. माडाकडे बघितलं, पाटाकडे बघितलं. "लिव. पावसाआधी कौलां परतूची आसत, ती मी परततलंय. म्हातारेच्या पायाक तेल धाडतलंय. आणि दर पत्रात तंबाखूचा इचारूचा."

"वाच," जानकी म्हणाली. मुलीने वाचलं. "परत वाच." परत वाचलं.

"चंद्र नाय मां खंय?"

"नाही, काकू."

जानकीने सुरी उचलली आणि पुढचा रातांबा घेतला. शुभदा थोडा वेळ घुटमळली. "उद्याची पाचवी बैठक राहिलीय. नाहीतर मी..."

"तेंका विचार," जानकी रातांब्याकडे बघत म्हणाली, "फाल्या घराक आसतले काय."

"सांग, आसतलंय," गंगाराम म्हणाला.

सरांची शिकवण आठवून मुलगी जराशी थांबली. मग तिने दोघांचं बोलणं, जसंच्या तसं, वहीत उतरवलं.

"काय लिवलंस?" जानकी म्हणाली. "वाच बघूया."