न पडणारी बाहुली

मालगाडीचा आवाज आला की आमची अख्खी टोली, म्हणजे आमची छोटी वस्ती, मारुतीच्या पाराकडे धावायची. पारावर वस्तू 'थिर', म्हणजे स्थिर, करून देणारे थिरबाबा बसलेले. त्यांच्यापुढे एक उतरती फळी आणि शेजारी चिनी मातीच्या बोटभर बाहुल्यांची टोपली.

"रेल हिले, पहाड हिले, बाबा का थिर ना हिले! है कोई माई का लाल? रखो अपना कप, रखो!"

कुणीतरी हौसेनं कप ठेवी. गाडी आली की कप घसरे आणि फुटे. मग बाबा एक बाहुली मुठीत घट्ट धरून, डोळे मिटून बराच वेळ पुटपुटत आणि फळीवर दाबून बसवत. पुढची गाडी धडधडत निघून जाई, बाहुली जागची हलत नसे. "थिरबाबा की जय!" लोक ओरडत. स्वतः बाबाही त्यात सूर मिसळत, आपलाच जयजयकार मागे पडायला नको म्हणून.

हे सन दोन हजार चारचं. दरेकशाच्या घाटात मालगाडीला मागून दुसरं इंजिन लावतात. आमची घरं रुळांना लागून. गाडी चढाला लागली की फळीवरची भांडी सरकायला लागतात. काही फुटलं नाही असं घर टोलीत सापडणार नाही. त्यामुळे न पडणारी वस्तू म्हणजे आमच्याकडे देवच.

मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो. हे सगळं बघून मला चीड यायला हवी होती. पण दिवाळीत माझी बायको शांती गेली, आणि तेव्हापासून मला चीड येत नव्हती, भूक लागत नव्हती, रडूही येत नव्हतं. शाळेत जायचो, घरी येऊन भात टाकायचो. तिचं काचेच्या वस्तूंचं शोकेस होतं, त्याला मी हात लावला नव्हता.

शेजारच्या भुवनेश्वरची मुलगी सोनिका नऊ वर्षांची. तिला सिकल सेलचा, रक्ताचा आजार. रोज गोळी, अधूनमधून गोंदियाला तपासणी, फार दुखायला लागलं की रक्त चढवायचं, असं तिचं चाललेलं. पौषात बाबांनी तिच्या घरच्या कोनाड्यात एक बाहुली बसवली आणि फर्मान काढलं, "ये लडकी का जीव है. ये खडी, तो लडकी खडी. किसीने हाथ लगाया, तो लडकी गई. और सुनो, डॉक्टर की गोली और बाबा का थिर एक घर में नहीं रहते."

भुवनेश्वरनं गोळ्या बंद केल्या. महिन्याभरात पोरीचे ओठ पांढरे पडले.

"काऊन गा, पोरीले दवाखान्यात काऊन नाई नेऊन रायला?" मी विचारलं.

"बाहुली उभी हाये ना, गुरुजी. मंग कायले नेऊ?"

"अन् पडली तं?"

"पडली तं मंग नेऊन तरी काय फायदा?"

म्हणजे बाहुली उभी असो की आडवी, पोरीला दवाखाना नाहीच. हे मला नीट कळलं. कळलं, आणि मी घरी येऊन भात टाकला.

होळीच्या आसपास एका दुपारी सोनिका गुडघे धरत धरत माझ्याकडे आली. शांती असताना ती शोकेसपुढे तासन्‌तास बसायची, तशीच बसली. तेवढ्यात मालगाडी आली. टेबलावरचा स्टीलचा गिलास सरकत सरकत खाली पडला. शोकेसमधला काचेचा हंस, हरीण, पाणी भरणारी बाई, सगळे आपापल्या जागी.

"गुरुजी, काकीच्या वस्तूंले बी बाबानं थिर केलं का?"

"नाही वो. काकी गेली तवा बाबा आलाच नव्हता."

ती विचारात पडली. "मंग काकी काऊन मेली? हंस तं उभाच हाये."

मी उठलो आणि शोकेस उघडलं. हंस उचलायला गेलो, उचलेना. ओढला तरी येईना. हळूच मुरगळला तेव्हा सुटला. त्याच्या तळाला ज्वारीच्या दाण्याएवढे मेणाचे गोळे होते, आणि मेणात कुंकवाची लाली. शांती शेवटपर्यंत कपाळाला मेण लावून त्यावर कुंकू टेकवायची. डबीतलं तेच मेण, थेंबभर तेलात मळलेलं, तिनं एकेका वस्तूखाली लावून ठेवलं होतं. मला कधी बोलली नव्हती.

मी ते मेण हातात धरून बसलो. गलबलून यायला हवं होतं. नाही आलं. हाताच्या उबेनं मेण मऊ पडतंय, एवढंच कळत होतं. मग बाबांची घट्ट मूठ आठवली, आणि लांबलेलं पुटपुटणं. आणि लगेच दुसरंही ध्यानात आलं: चैत्र तोंडावर आहे. उन्हानं मेण पाझरेल, बाहुली पडेल, आणि पोरगी गेलीच असं समजून हे लोक हातपाय गाळून बसतील.

संध्याकाळी मी हंस घेऊन पारावर गेलो. सर्वांदेखत मेण तळहातावर मळलं, हंसाच्या तळाला लावलं, फळीवर दाबलं. मंत्र म्हटला नाही. गाडी येऊन गेली. हंस उभा.

"देखो, गुरुजीपर भी बाबा की कृपा हो गई!" बाबा म्हणाले.

मी हंस मुरगळून उचलला, तळ सगळ्यांना दाखवला. "कृपा नाही, मेण आहे. सोनिकाची बाहुली उचलून बघू, तिच्याखाली काय निघतं ते."

बाबांचा चेहरा उतरला. "बच्ची मर जाएगी, गुरुजी. पाप लगेगा!"

गर्दी माझ्यामागे भुवनेश्वरच्या घरात शिरली. सोनिकाची आई योगेश्वरी कोनाड्यापुढे हात पसरून उभी राहिली. "पाया पडतो तुमच्या, गुरुजी, हात नोका लावू!"

माझे पाय तिथंच थांबले.

खाटेवरून सोनिका उठली. "माई, सरक. मी उचलतो."

आईच्या बगलेखालून तिनं हात घातला, दुपारी बघितलं होतं तसं मुरगळलं, आणि बाहुली काढली. योगेश्वरीनं डोळे गच्च मिटले.

"माई, डोरे उघड. मी उभीच आहो."

बाहुलीच्या तळाला पिवळा गोळा होता. म्हाताऱ्या धुरपताबाईनं तो नखानं खरवडला, नाकाशी नेला. "हे तं कुकवाचं मेन हाये वो! कपाराले लावतो मी रोज." आता सगळ्यांना आपापल्या सासूची, आजीची डबी आठवली. टिकलीची पाकिटं आल्यापासून बहुतेक घरांतून मेण गेलं होतं, म्हणून बाबांचं फावलं होतं. आम्ही पाराकडे परतलो तेव्हा तिथं फक्त फळी उरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं भुवनेश्वर पोरीला गोंदियाला घेऊन गेला. रक्त चढवलं, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

बाबांकडे मंत्र नव्हता, सिद्धी नव्हती. होतं एकच वाक्य: हात लावू नका. आम्ही ते मानलं, म्हणून चिमूटभर मेणानं एका पोरीचा जीव टांगणीला लागला. तुम्हालाही असं सांगणारे भेटतील. विचारू नको म्हणतील, उचलू नको म्हणतील. तेव्हा आधी उचला, तळ बघा. आणि आजारी माणसाला दवाखान्यात न्या.

सोनिका परत आली ती सरळ शोकेसपुढे येऊन बसली. ओठांना जरा रंग आला होता. मी हंस त्याच मेणानं पुन्हा जागेवर बसवत होतो.

"गुरुजी, तुमी सांगतलंच नाई. काकी काऊन मेली?"

मी मेण दाबून धरलं. इतक्या महिन्यांत मला हे तिच्याशिवाय कुणी विचारलं नव्हतं, आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं.

"काकीच्या आजारावर औषध नव्हतं, सोनी," मी म्हणालो. "तुह्या आजारावर आहे. आजची गोळी घेतली का?"