कवचानंदांचा रबर

आधी शांताच्या मनगटावरचा रबर तुटला, मग तिच्या सासूचा, मग पुढच्या ओळीतल्या चौघांचा. कोणी हात लावला नव्हता. पालेभाजीच्या जुडीला घालतात तसला साधा पिवळा रबर. पण तुटला की माणूस डोळे मिटून हात जोडत होता, कारण रबराबरोबर त्याची साडेसातीही तुटत होती. पेडणे तालुक्यातल्या आमच्या गावात साडेसाती सुटायला पूर्वी साडेसात वर्षे लागत. कवचानंद महाराजांनी ते काम एका बैठकीत आणले होते.

बैठक शंभूच्या काजूच्या गोदामात भरे. कवच गळू नये म्हणून दाराला बाहेरून अडसर, आणि चारही जनेलं, म्हणजे खिडक्या, ओल्या गोणपाटांनी बंद. आत शंभरेक माणसे, अगरबत्ती, आणि तिच्याही वर चढणारा एक तिखट वास. महाराज त्याला स्वर्गाचा दरवळ म्हणत. मला तो झेरॉक्सच्या दुकानातला वाटला, पण स्वर्गात झेरॉक्स नसेलच असे मी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतो.

"पृथ्वीभोवती ओझोनचं कवच आहे," महाराज माइकवरून सांगत होते. "कवचाला भोक पडलंय. त्या भोकातून काय येतं? किरणं. किरणं कुठे शिरतात? तुमच्या संसारात. मुलगा मोबाइल का सोडत नाही? भोक. सुनेचं पटत का नाही? भोक. हे मी नाही सांगत. तुमच्याच गावची लेक सांगते."

ही लेक म्हणजे माझी भाची गौरवी. ती पुण्यात हवामानशास्त्रज्ञ आहे. ज्वालामुखीतून उडालेले बारीक कण वीस-पंचवीस किलोमीटर उंचीवर वर्ष-दोन वर्षे तरंगत राहतात. त्यांच्यामुळे तिथला ओझोन कसा झिजतो, हे ती फुगे सोडून तपासते. मागे फोंड्याला तिचे व्याख्यान झाले. आम्ही नातेवाइकांनी त्यातले काही न समजता टाळ्या वाजवल्या. महाराजांनी मात्र लक्ष देऊन ऐकले असावे. गोदामाबाहेरच्या फलकावर एका बाजूला महाराज, दुसऱ्या बाजूला गौरवी, आणि मध्ये भोक पडलेली पृथ्वी होती.

ती रजेवर आली तेव्हा तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण पद्मावती, आमची बाय, खोकून अर्धी झाली होती. बायला लहानपणापासून दमा. औषधाच्या पंपाशिवाय ती अंगणातही जात नसे. पण महाराजांच्या नियमाप्रमाणे औषधे त्यांच्या पायाशी ठेवायची असतात. बायचा पंप तीन बैठका तिथेच पडून होता.

"आई, तो पंप परत आण," गौरवी म्हणाली.

"तू ये आनी तूच आण. तुझ्याच शोधावर चल्लाहा ना सगळा?"

यावर शास्त्रज्ञाने पुढच्या बैठकीला यायचे कबूल केले. आम्ही दोघेही बायबरोबर गेलो. गौरवीला शाल घालून व्यासपीठावर बसवले, महाराजांच्या शेजारी. मी बायजवळ खाली बसलो. बाहेरून अडसर पडला.

आता आमच्या गाऱ्हाण्याबद्दल सांगायला हवे. गाऱ्हाणे म्हणजे देवाकडे केलेला तोंडी अर्ज. एकाने मागणे मागायचे, बाकीच्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचे. ते चालू असताना उठणे म्हणजे सगळ्यांचे मागणे मोडणे. महाराज घाटावरचे, पण ही एवढी गोष्ट त्यांनी बरोबर हेरली होती. शेवटचा रबर तुटेपर्यंत गाऱ्हाणे, आणि गाऱ्हाणे संपेपर्यंत दार बंद.

एकेक करत सगळ्यांचे रबर तुटले. माझा राहिला. दाराशी रबर वाटणाऱ्याने मला मोठा दिला होता. तो मनगटावर सैल बांगडीसारखा लोंबत होता. शंभर माणसे माझ्या मनगटाकडे बघू लागली.

"एक पापी उरलाय," महाराज म्हणाले.

"गोकुळदासानू," मागून शंभू कुजबुजला, "काय केलास ता सांगून टाका. माका घराक जावचा आसा."

मी आठवून पाहिले. सांगण्याजोगे काही होते, पण शंभूला सांगण्याजोगे नव्हते.

तेवढ्यात बायने माझा हात धरला. तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. ओठांचा रंग उतरला होता. एक शब्दही तिला पुरा बोलता येईना. आजूबाजूला सगळेच खोकत होते, पण हा खोकला नव्हता. श्वास आत जातच नव्हता.

"खोकला येऊ द्या," माइक म्हणाला. "पाप बाहेर पडतंय."

मी दाराकडे धावलो. तिघांनी मला धरले. "गाऱ्हाणा मोडा नुको," एकजण कळवळून म्हणाला. त्याची स्वतःची आई तिथे बसली होती. तिच्या मागण्याचा त्याला घोर होता. दुष्ट माणसाला ढकलता येते. कळवळलेल्या माणसाला कसे ढकलायचे?

व्यासपीठावर गौरवीने आईचा पंप उचलला आणि ती खाली उतरली. बायच्या तोंडाला पंप लावत तिने ओरडून सांगितले, "जनेलं उघडा. ही हवा विषारी आहे." कोणी हलले नाही. शास्त्र सांगितले की आमचे लोक ऐकून घेतात; हलत नाहीत.

तेव्हा मी तिथेच हात जोडले आणि खड्या आवाजात सुरू केले.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे बसली हत."

"व्हय म्हाराजा," गोदाम घुमले. सवय होती.

"त्येंचो सांभाळ कर."

"व्हय म्हाराजा."

"आनी ही चारय जनेलां आत्ताच्या आत्ता उघडची, अशी बुद्धी शंभूक दी."

"व्हय म्हाराजा."

शंभर तोंडांनी मागितलेले मागणे मोडायची शंभूची हिंमत नव्हती. त्याने पहिले गोणपाट ओढले, मग इतरही उठले. वारा आत आला. दार वाजवून बाहेरच्याला हाक मारली. आम्ही बायला उचलून अंगणात आणले. पंपाचे आणखी काही झोत गेल्यावर तिची मान सावरली आणि तिने पहिला पुरा श्वास घेतला. गौरवी तिच्या पाठीवर हात ठेवून होती.

शंभू गाडी काढायला गेला. गौरवी पुन्हा आत गेली आणि आरतीच्या तबकामागचा पडदा तिने ओढला. मागे टोस्टरएवढी एक पेटी घूं-घूं करत होती. गौरवीने तिची पिन काढली.

"हॉटेलात सिगरेटचा वास मारायला लावतात ते यंत्र," ती म्हणाली. "ओझोन तयार करतं. खोलीत माणूस नसताना लावायचं."

महाराज पूर्वी किनाऱ्यावरच्या हॉटेलात खोल्यांच्या साफसफाईवर देखरेख करत, हे नंतर कळले. त्या क्षणी ते एवढेच म्हणाले, "पण रबर तुटले ना?"

गौरवीने व्यासपीठावर काढून ठेवलेल्या त्यांच्या लाकडी खडावा उचलल्या. लोकांचे रबर तुटायला लागले तेव्हाच तिला संशय आला होता. तबकात उरलेल्या रबरांतला एक तिने एका खडावेवर ताणून बसवला होता, दुसऱ्या खडावेवर एक तसाच सैल ठेवला होता. ताणलेल्याचे तुकडे झाले होते. सैल होता तसा होता.

"ओझोन रबराला खातो. ताणलेल्याला आधी, कारण चीर पडली की ती ओढली जाऊन वाढते. मामाचा सैल, म्हणून राहिला. यात कोणाचं पाप नाही."

"तर मगे खडावेची साडेसाती सुटली मां," शांताची सासू म्हणाली, आणि खोकता खोकता लोक हसायला लागले. महाराजांना हसण्यावर उतारा ठाऊक नव्हता.

आरोग्य केंद्रात बायला मास्क लावला. संध्याकाळी तो उतरल्यावर तिने लेकीला विचारले, "वयलो ओझोन बरो आनी हयलो वायट, ता कसा गो?"

"आई, केरीचा समुद्र लांबून छान दिसतो. तोच आपल्या घरात शिरला तर? वरचा ओझोन किरणं अडवतो. खालचा रबराला खातो, आणि तुझी फुप्फुसं रबराहून नाजूक आहेत."

बायने पंप पदराच्या गाठीत बांधला. कोणी मागितला तर, म्हणाली, आधी गाठ सोडून दाखवावी लागेल.

वाचकहो, महाराज आता दुसऱ्या कुठल्या तालुक्यात असतील. शास्त्राचे नाव घेतले म्हणून कोणी शास्त्रज्ञ होत नाही. त्याला विचारा, हे कसे घडते, आणि दुसऱ्याने करून पाहिले तर घडते का. औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका. आणि दार बाहेरून लावून घेणारा माणूस कितीही गोड बोलत असला, तरी आधी दार उघडायला लावा. खरे असेल ते उघड्या दारातही घडते.